पहिली कात्री

आवडाबाईचा हातगुण चांगला, हे पिंपळदऱ्यात कुणी ठरवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. एका वर्षी काकासाहेबांच्या डाळिंबाला तिनं पहिली फांदी छाटली आणि त्या बहाराला फळ असं लागलं की झाडांना बांबूचे टेकू द्यावे लागले, एवढंच निमित्त. पुढच्या वर्षी शेजारच्या बागवाल्यानं तिला मुद्दाम बोलावून नेलं. त्याच्या पुढच्या वर्षी रीतच पडली. दसऱ्याच्या सकाळी आवडाबाईनं गावातल्या पाचही बागांत जायचं, प्रत्येक बागेतल्या पहिल्या झाडाची एक फांदी छाटायची, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या टोळीनं बाकीची छाटणी धरायची. कुणी तिच्या कात्रीला हळदकुंकू लावायचं, कुणी ओटीत खारीक-खोबरं टाकायचं. गावाच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला देवसुद्धा धजत नाही.

आवडाबाई स्वतः बौद्ध. शकुन, हातगुण, मुहूर्त यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. दसऱ्याला सकाळी पांढरं लुगडं नेसून ती विहारात जायची, वंदना घ्यायची, आणि तशीच बागांकडं वळायची. संध्याकाळी त्या लुगड्याच्या पदराला हळदीचे डाग असायचे. सून निशा ते डाग धुताना कुरकुरायची. “आत्या, हे आपल्यात चालतं का?” असं ती दरवर्षी विचारायची आणि आवडाबाई दरवर्षी उत्तर टाळायची.

उत्तर होतं, पण सांगायला अवघड होतं. आवडाबाईची सासू काकासाहेबांच्या आईकडं खुरपायला जायची. तिच्यासाठी वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा. चहा पिऊन झाला की सासूनं तो आपल्या हातानं विसळायचा आणि परत वळचणीला खोचायचा. आवडाबाईनं नवी नवरी असताना हे डोळ्यांनी पाहिलं होतं. आता त्याच दारात दसऱ्याला “या, आवडाबाई” असं ऐकू यायचं. एरवी वर्षभर ती “आवडे” होती. एका दिवसापुरतं का होईना, बाई म्हटलं की माणसाला बरं वाटतं. वाटू नये असं म्हणणाऱ्यानं आधी तो कप विसळून बघावा.

या वर्षी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. दसऱ्याच्या सकाळी म्हैसमाळच्या डोंगराच्या अंगाला ढग बसलेलेच होते. आवडाबाईचा नवरा कडुबा ओसरीवर पंपाचा नोझल उघडून बसला होता. त्याच्या नखांतला मोरचुदाचा निळा रंग आताशा उन्हाळ्यातही जात नसे. गावात फवारणीचं काम त्याचंच, आणि त्यातलं बरंचसं इंद्रजीतच्या बागेत.

“पहिले कुठं जाणार?” त्यानं विचारलं.

“इंद्रजीतभाऊकडं. त्याला शहरात परत जायचंय म्हणं लवकर.”

कडुबा काहीतरी बोलणार होता. मग त्यानं नोझलमध्ये फुंकर मारली आणि खाली मान घातली. आवडाबाईनं कात्री पदराखाली घेतली आणि निघाली.

इंद्रजीत हा पोरगेला बागवाला. राहायला शहरात, पुंडलिकनगरला. शनिवार-रविवार गाडी घेऊन बागेत यायचा. त्याच्या बायकोनं ताट तयार ठेवलं होतं. कात्रीला हळदकुंकू लागलं. आवडाबाई पहिल्या झाडाशी वाकली तेव्हा फांदीच्या बेचक्यात तिला काळपट चिरलेला डाग दिसला. साल तिथं सगळीकडून फाटली होती.

“हे काय झालंय हो, भाऊ?”

“गारीचा मार हाय तो. उन्हाळ्यातला.”

“गारीचा असा असतो का?”

“आवडाबाई, चार बागा वाट बघून राहिल्या तुमची. छाटा ना आता.”

तिनं डागाच्या खालून फांदी छाटली. इंद्रजीतनं फांदी लगेच उचलून बांधापलीकडं टाकली. त्याच्या बायकोनं ओटी भरली. आवडाबाईला तेव्हा डागाचं काही वाटलं नाही असं नाही. वाटलं, आणि बांध ओलांडेपर्यंत विसरलंही. सणाचा दिवस होता आणि पुढं काकासाहेबांकडं चहा उकळत होता.

काकासाहेबांच्या बागेत पहिल्या झाडाशी बादली ठेवलेली होती. ब्लिचिंगचा वास नाकात जात होता. कृषी केंद्रातल्या मेघा मॅडमनी पावसाळ्याआधी सगळ्या बागवाल्यांना आणि छाटणीच्या बायांना बसवून शिकवलं होतं. तेल्या हा जिवाणूचा रोग आहे, तो डोळ्याला दिसत नाही, पाण्याच्या थेंबाबरोबर उडतो आणि कात्रीबरोबर चालत जातो. एक झाड झालं की कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायची, मगच दुसरं झाड. टोळीतल्या प्रत्येक बाईच्या कमरेला तेव्हापासून औषधाच्या पाण्याचा डबा लटकत होता. सणाच्या दिवशी मात्र कमरेला डबा कोण बांधून जाणार.

काकासाहेबांची बायको सत्यभामा पुढं झाली. तिनं कात्रीला हळद लावली, कुंकवाचं बोट टेकवलं. आवडाबाई कात्री घेऊन बादलीकडं वळली.

“अगं बाई, हे काय करती?” सत्यभामा एकदम म्हणाली. “हळद लावलेली कात्री त्या वासाच्या पाण्यात बुडवती का? सणासुदीचं!”

“मॅडमनी सांगितलंय, काकू.”

“उद्यापासून बुडवा की खुशाल. आज पहिली कात्री हाय. एका फांदीनं काय होतंय?”

काकासाहेब हसले. “बुडव म्हणलं तरी पाप, नको म्हणलं तरी पाप. आवडाबाई, छाटा तुम्ही. तुमच्या हाताला कशाचं औषध लागतंय?”

सगळे हसले. आवडाबाईही हसली. हळदीची कात्री तिनं तशीच फांदीला लावली. पुढच्या तीन बागांत बादलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. बाया सकाळी भाकरी बांधून यायच्या, काट्यांनी हात सोलवटायचे, मानेत पानांचा चुरा जायचा. प्रत्येक झाडानंतर कात्री डब्यात बुडायची. औषधाच्या पाण्यानं बोटांची साल पांढरी पडून सुटू लागली, कात्र्यांच्या पात्यांवर गंज चढला. एखादीनं कंटाळा केला तर आवडाबाई मागून ओरडायची. तिच्या टोळीनं त्या हंगामात हजारांनी झाडं छाटली आणि कात्री न बुडवता छाटलेलं एकही झाड नव्हतं. दसऱ्याची पाच सोडून.

छाटणी संपली तसा परतीचा पाऊस आला. चार दिवस उघडलाच नाही. वारा डोंगरावरून आडवा मारायचा आणि बागांत पाण्याचा शिमगा चालायचा. कोवळी पालवी फुटत होती, तिच्यावर तो सगळा पाऊस झडत होता. पाऊस थांबला आणि धुकं धरलं.

दिवाळीच्या तोंडावर काकासाहेबांचा निरोप आला. आवडाबाई गेली तर ते पहिल्याच झाडाशी उभे होते. हातात एक पान होतं. त्यांनी ते उन्हाकडं धरलं. पानावर तेल सांडल्यागत डाग होते, उजेड आरपार दिसत होता, भोवती पिवळी कड.

“तेल्या,” काकासाहेब म्हणाले.

आवडाबाईनं झाड निरखलं. दसऱ्याला छाटलेल्या फांदीच्या खुंटापासून डाग सुरू झाले होते. तिथून वाऱ्याच्या दिशेनं शेजारची झाडं, आणि त्यापुढची.

“बाकीच्या बागांत बघून आलो मी,” काकासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते अजूनच वाईट होतं. “सगळीकडं पहिल्या झाडापासून.”

आवडाबाईनं त्या खुंटावरून बोट फिरवलं. ही बाग तिनं गुटी कलमं खड्ड्यात ठेवली तेव्हापासूनची ओळखीची होती. कुठल्या झाडाला डावीकडं जास्त फुटवे येतात, कुठलं झाड कळी गाळतं, हे तिला काकासाहेबांपेक्षा हातानं जास्त कळायचं. तिनं ते पान मागितलं. काकासाहेबांनी दिलं नाही, खिशात घातलं.

मेघा मॅडम तिसऱ्या दिवशी आल्या. काकासाहेबांच्या शेडमध्ये सगळे बागवाले जमले. आवडाबाई, कडुबा आणि निशा शेडच्या तोंडाशी उभे राहिले, कारण आत खुर्च्या मोजक्या होत्या आणि खाली बसा असं कुणी म्हणालं नाही.

मॅडमनी पानं पाहिली, फांद्या पाहिल्या. “दसऱ्याला कात्री आधी कुठल्या बागेत गेली?” त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी आवडाबाईकडं पाहिलं.

“इंद्रजीतभाऊच्या,” ती म्हणाली.

“माझ्याकडं पण पहिल्या झाडापासूनच आला ना,” इंद्रजीत पटकन म्हणाला. “म्हणजे माझ्याकडं येतानाच कात्री खराब होती. दसऱ्याच्या आधी टोळी कन्नड तालुक्यात गेलती छाटायला. नाय का?”

गेली होती, ते खरं होतं.

“तिथं आम्ही झाडागणिक कात्री बुडवत होतो,” निशा म्हणाली.

“कोण बघायला आलतं?”

आवडाबाईनं धीर केला. “भाऊ, त्या दिवशी तुमच्या झाडाला डाग होता. मी विचारलं बी तुम्हाला.”

“गारीचा मार होता तो. तुम्हाला तेव्हाच सांगितलं.”

“ती फांदी दाखवता का मला?” मॅडमनी विचारलं.

“जाळली. कचरा जाळायला तुम्हीच सांगितलंय ना, मॅडम.”

आवडाबाईनं कडुबाकडं पाहिलं. तो शेडच्या पत्र्याकडं बघत होता, जणू तिथं काही लिहिलेलं आहे.

मॅडमचा आवाज थकलेला होता. “कुणाची चूक, ते शोधून बाग वाचणार नाही. आता पाचही बागांना एकच गोष्ट, एकाच वेळी करावी लागेल. डागाची फांदी खाली निरोगी भागापर्यंत छाटा. खाली पडलेलं पान न् पान गोळा करून जाळा. जमिनीवर ब्लिचिंग, झाडावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो. हा बहार सोडून द्या, यंदा फळ घेऊ नका, झाडाला विश्रांती द्या. आणि अँटिबायोटिकच्या पुड्या मारत बसू नका. त्यानं रोग दबतो, जात नाही, आणि पुढं ते औषधच लागू पडत नाही. एकानं जरी बहार धरून ठेवला तर त्याच्या बागेतून बाकी चौघांकडं परत येणार.”

“बहार सोडायचा म्हणता?” इंद्रजीत म्हणाला. “सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

सगळ्यांनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

“आणि छाटणी?” काकासाहेबांनी विचारलं.

“कात्री जिथं जाते तिथं रोग जातो, एवढं लक्षात ठेवा.” मॅडम म्हणाल्या, आणि मग शेडच्या तोंडाकडं बघून घाईनं म्हणाल्या, “कात्री म्हणतेय मी. माणूस नाही.”

पण गावानं जे ऐकायचं ते ऐकलं होतं. त्या संध्याकाळपर्यंत मारुतीच्या पारावर, दूध डेरीत, पीठगिरणीत एकच बोलणं झालं. आवडीच्या हातानं तेल्या आला. ज्या हाताला औषध लागत नाही म्हणून हसले होते तेच लोक आता त्या हाताचा विचार करून तोंड वाकडं करत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी आपल्याकडची म्हण आहे. म्हणी करून ठेवायच्या आणि वागायचं तसंच, यात आपला हात कुणी धरणार नाही.

घरी आल्यावर निशानं भाकरी टाकल्या. कुणी जेवलं नाही. कडुबानं ताट बाजूला सारलं आणि बोलला.

“मी फवारली त्याच्या बागेत पुडी. आखाडात. आठ-आठ दिवसांनी.”

आवडाबाईनं मान वर केली.

“डाग होते तवा. फळाला बी होते. त्यानं फळं तोडून पुरली. म्हणला, कुणाला सांगू नको, व्यापारी भाव पाडतो.”

“मंग तिथं कामून नाही बोलला?” तिचा आवाज फाटला. “मी उभी होते ना तिथं. तोंडाला कुलूप लागलंतं का?”

“त्याच्याच बागेत वर्षाचं काम हाय माझं. तू बी घरी बसणार आता. मंग दोघं बी बसू का?”

आवडाबाईला त्याचा राग आला, लई राग आला, आणि त्याच्या निळ्या नखांकडं बघून तो राग कुठं ठेवावा ते कळेना. नवरा खोटं बोलला नव्हता, फक्त गप्प बसला होता. गरिबाच्या घरात गप्प बसण्यालाही पोटाचा हिशोब असतो. तिनं ताटावर ताट झाकलं आणि उठली.

चार बागांत मॅडमनी सांगितलं तसं काम सुरू झालं. त्यासाठी बाहेरची टोळी आणली गेली. त्या टोळीच्या कात्र्या कुठून कुठून आल्या होत्या ते कुणी विचारलं नाही. आवडाबाईचा विळा आणि पाण्याची कळशी काकासाहेबांच्या शेडमध्ये राहिली होती. त्या वस्तू आणायला ती गेली तर फाटकात नवी घमेली दिसली, ब्लिचिंगच्या पाण्यानं भरलेली.

“पाय बुडवून ये गं, आवडे,” सत्यभामा आतून म्हणाली. “आन हात बी.”

आवडाबाईनं पाय बुडवले, हात बुडवले. रोगाचं काम आहे, बुडवायलाच पाहिजे, असं ती मनाशी म्हणाली. तेवढ्यात सत्यभामाचा भाऊ मोटारसायकलवरून आला, चिखलाच्या बुटांनी सरळ बागेत गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

“चहा घे,” सत्यभामा म्हणाली.

बाहेरच्या टोळीतल्या बाया स्टीलच्या कपांतून चहा पीत होत्या. आवडाबाईपुढं कागदी कप आला.

“तसं काही मनात धरू नको,” सत्यभामा म्हणाली. तिचे डोळे लाल झालेले होते, रात्री झोप नसावी. “भ्या वाटतं गं. लेकरागत वाढवली बाग. कशानं लागंल, कशानं नाही, काय कळतंय आपल्याला?”

सत्यभामा वाईट बाई नव्हती. ती घाबरली होती, एवढंच. पण घाबरलेलं माणूस काय शोधतं तर जुनी सवय. आवडाबाईनं कागदी कपातला चहा उभ्यानं प्यायला. तिला सासूचा कान तुटलेला कप आठवत होता आणि तो आठवू नये म्हणून ती बागेकडं बघत होती.

टोळी बसली. बाया एकेक करून कापूस वेचायला गेल्या. निशा हट्टानं आवडाबाईला घेऊन खुलताबादच्या बाजारात गेली, तिथं पलीकडच्या गावांचे बागवाले भेटायचे. निशानं नवी कोरी कात्री घेतली होती. एका बागवाल्यापुढं तिनं ती धरली.

“जानेवारीत तुमची छाटणी असंल ना, दादा? आमची टोळी हाय. कात्री बघा, एका बी झाडाला लागलेली नाही.”

त्यानं कात्री पाहिली, मग निशाच्या मागं उभ्या असलेल्या आवडाबाईला पाहिलं. “पिंपळदऱ्याच्या का तुम्ही?”

“व्हय.”

“तेल्याची बाई म्हणतात ती हीच का?”

निशाचं तोंड लाल झालं. “रोग कात्रीनं जातो, दादा. आम्ही झाडागणिक बुडवतो. मॅडमला विचारा.”

“कात्री नवी हाय तुमची, बाई. हात तर तोच हाय ना?” तो म्हणाला. रागानं म्हणाला नाही. बाजारात वांगी किडकी निघाली तर माणूस खाली ठेवतो तसं त्यानं बोलणं खाली ठेवलं आणि पुढं गेला.

घाटातून परत येताना जीपमध्ये निशा रडली. “आपण बुडवत होतो ना, आत्या. झाडागणिक कात्री बुडवली ना आपण.”

“पाच झाडांना नाही बुडवली,” आवडाबाई म्हणाली.

“तिथं त्यांनी बुडवू दिली नाही!”

“हातात तर माझ्या होती.”

हेच तिला खात होतं. इंद्रजीत खोटारडा होता, सत्यभामानं बादलीपाशी अडवलं होतं, सगळं खरं. पण कात्री तिच्या हातात होती आणि त्या दिवशी तिला बाई म्हणून घ्यायला आवडलं होतं. नाहक बदनामी झाली असती तर ती गावापुढं भांडली असती. ही पुरती नाहकही नव्हती. म्हणून ती कुणाशी भांडायला गेली नाही.

कडुबानं एकदा तोंड उघडलं. पौषात, इंद्रजीतच्या बागेतलं फवारणीचं काम सुटल्यावर. चहाच्या टपरीवर पाच-सहा जणांत त्यानं पुड्यांचं, पुरलेल्या फळांचं सगळं सांगितलं. इंद्रजीत तिथंच होता. त्यानं शांतपणे ऐकलं.

“कामावरून काढलं म्हणून बोलून राहिला का, कडुबा?” तो म्हणाला. “तवा शेडात होता ना तू? तवा कामून नाही बोलला?”

टपरीवर हशा झाला. घरी येऊन कडुबानं हे आवडाबाईला सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून निजला. तिनं त्याच्या अंगावर वाकळ टाकली.

इंद्रजीतनं बहार सोडलाच नव्हता. शहरातून खोकी भरून पुड्या यायच्या आणि दर आठवड्याला त्याच्या बागेत फवारणी चालायची. मेघा मॅडम दोनदा येऊन सांगून गेल्या. दुसऱ्यांदा तर त्यांनी हात जोडले. त्यांच्याकडं सांगण्यापलीकडं काही नव्हतं, कायदा नव्हता की काठी नव्हती. माघात अवकाळी आला. दोन दिवस वारा इंद्रजीतच्या बागेवरून काकासाहेबांच्या बागेकडं वाहत राहिला. पानं वेचली होती, जाळली होती, बोर्डोनं खोडं निळी केली होती. तरी नव्या पालवीवर पुन्हा तेल सांडलं. सोडलेल्या बहारातली जी चुकार फळं राहिली होती ती काळी पडून उलली. खोडाच्या बेचक्यात काळे चिरे पडले आणि फांद्या वाऱ्यानं मोडू लागल्या. काकासाहेबांनी बाग काढायचं ठरवलं.

निरोप कडुबाच्या हाती आला. तो उंबऱ्यात उभा राहून बोलला, आत आला नाही.

“जेसीबी येणारे परवा. त्याच्या आधी फांद्या तोडून जागच्या जागी जाळायच्यात. काकासाहेब म्हणले, आवडाबाईला पाठव.”

“आत्याला?” निशा म्हणाली. “बाहेरची टोळी कुठं गेली त्यांची?”

कडुबा खाली बघत म्हणाला, “फळतं झाड हाय. त्याच्यावर पहिला घाव कुणी घालंना. पाप लागतं म्हणतात.”

निशाच्या हातातलं पीठ परातीत पडलं. “जायचं नाही, आत्या. पाप आपल्याला लागत नाही का? त्यांना सांगा, तुमच्या हातानं तोडा म्हणावं.”

आवडाबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. गेली नाही तर काय होईल, याचा तिनं विचार केला. काहीच झालं नसतं. कुणीतरी दुसरं गेलं असतं आणि ती घरी बसून धूर बघत राहिली असती. “झाडं मी लावली ती,” ती शेवटी म्हणाली. “परक्यानं कशी बी तोडण्यापेक्षा मी जाते.”

सकाळी ती आणि निशा गेल्या. या वेळी ताट नव्हतं, हळद नव्हती. फाटकातली घमेली कोरडी पडली होती. काकासाहेब पहिल्या झाडाशी उभे होते, दाढी वाढलेली.

“तुझ्या हातानं सुरू झालं,” ते म्हणाले. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही.

“बादली कुठंय?” आवडाबाईनं विचारलं.

“आता कशाला बादली? जळणारच हाय सगळं.”

ती शेडमध्ये गेली, बादली काढली, ब्लिचिंग कालवलं आणि ती पहिल्या झाडाशी आणून ठेवली. तिनं आपली जुनी कात्री पाण्यात बुडवली. दसऱ्याला नाही बुडवली ती आता बुडवली. मग फांदी छाटली. मोठ्या फांद्या निशानं करवतीनं उतरवल्या. पहिलं झाड संपलं तशी आवडाबाईनं कात्री पुन्हा बुडवली आणि दुसऱ्या झाडाला हात घातला.

“आत्या,” निशा हळूच म्हणाली, “आता कुणाला लागणार हाय रोग?”

दर झाडाला आवडाबाई कात्री बुडवत राहिली. बांधावरून काकासाहेब बघत होते, सत्यभामा बघत होती, रस्त्यानं जाणारे चार जण थांबून बघत होते. बघू देत. तिला रडू येत होतं आणि ती ते काट्यांवर काढत होती. हात रक्ताळले होते. डावीकडं फुटवे येणारं झाड गेलं, कळी गाळणारं झाड गेलं. प्रत्येकाच्या फांद्या हातात आल्या की तिला ते झाड ओळखू येत होतं.

दिवस मावळायला ओळी संपल्या. ढिगाला आग लागली. ओल्या डाळिंबाच्या फांद्या आधी धुमसल्या, मग तडतडू लागल्या. धूर वाऱ्यानं इंद्रजीतच्या हिरव्या बागेकडं गेला.

काकासाहेब जवळ आले. त्यांनी खाकरून घसा साफ केला. “आवडे, ती कात्री बी टाक त्यात. लोकांचा जीव शांत होईल. तुझ्याच भल्याचं सांगतो.”

निशा मधे पडणार होती. आवडाबाईनं तिला हातानं मागं सारलं. कात्री एकदा शेवटची बादलीत बुडवली, पदरानं पुसली आणि आगीत टाकली. मुठीचं प्लास्टिक लगेच वितळू लागलं.

“कात्री टाकली, काकासाहेब,” ती म्हणाली. “हाताचं काय करू, तेवढं सांगा.”

काकासाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. मग ते वळून शेडकडं चालू लागले.

“हात धुऊन घे गं,” सत्यभामानं लांबून हाक मारली. “चहा ठेवलाय बांधावर.”

बांधावर दोन कागदी कप होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी एक खडा टेकवलेला होता. निशानं आपला कप उचलला नाही. आवडाबाईनं हात धुतले, बांधावर बसून चहा प्यायला. दिवसभराची तहान होती. पिऊन झाल्यावर तिचा हात सवयीनं कप विसळायला पाण्याकडं गेला. मग तिनं तो कप आगीत टाकला आणि निशाचा हात धरून घराकडं निघाली.